झुलालनानांचा तास

दोंडाईच्याचे झुलालनाना धुळ्याच्या कॉलेजात पहिला तास घ्यायला आले, तेव्हा त्यांनी वर्गाच्या दाराबाहेर जोडे काढून ठेवले. वाकून उंबऱ्याला हात लावला, तो कपाळाला टेकवला आणि मगच आत पाऊल टाकलं. मागच्या बाकांवर खसखस पिकली. व्हरांड्यात उभ्या असलेल्या पुष्पाबाई चौधरींना अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. नानांच्या मागून त्यांचा गडी पुना दोन टोपल्या घेऊन आला आणि त्या टेबलावर ठेवून निघून गेला. दोन्ही टोपल्यांत लाल मिरची होती.

हे सन सत्तावन्नच्या डिसेंबरातलं. कॉलेजात वाणिज्य शाखा निघून जेमतेम दीड वर्ष झालं होतं. तिचे प्रमुख होते जीवरामराव चौधरी, पुष्पाबाईंचे यजमान. पुष्पाबाई स्वतः आठवड्याला तीन तास इंग्रजी पत्रव्यवहार शिकवायच्या. ज्याने जन्मात एक पोतं विकलं नाही, त्याने पोरांना विक्री शिकवायची, हे जीवरामरावांच्या मनाला पटत नव्हतं, आणि असं म्हणताना ते स्वतःलाही वगळत नसत. खऱ्या व्यापाऱ्यांनी येऊन आठवड्याला एक तास घ्यावा, अशी परवानगी त्यांनी प्राचार्यांच्या मागे लागून मिळवली. दिवाळीची सुट्टी त्यांनी सायकलवर काढली.

तेलघाण्याचे मालक रुपचंदशेठ त्यांना म्हणाले, “मास्तर, मी तुमच्या पोरांना शिकवणार, आणि पोरं पास होऊन माझ्याच समोर घाणा टाकणार. मला काय वेड लागलंय?” एका कापडवाल्याने आनंदाने होकार दिला आणि तासाला मुनीम पाठवला. मुनिमाने पाऊण तास शेठची स्तुती केली. शेवटी कुणीतरी दोंडाईच्याचं नाव सांगितलं. मिरचीचे झुलालनाना. चारच इयत्ता शिकलेले, पण त्यांनी माल पाहिला की इंदूरचा व्यापारी पुन्हा पाहत नाही.

जीवरामराव एस.टी.ने दोंडाईच्याला गेले तेव्हा पुष्पाबाई हौसेने बरोबर गेल्या होत्या. स्टेशनामागे पाच एकरांवर मिरचीची पथारी पसरली होती, म्हणजे उन्हात वाळत घातलेल्या मिरचीचं नुसतं लाल शेतच. पन्नासेक बाया तोंडाला फडकी बांधून देठ खुडत बसल्या होत्या. नाना बुराईकाठच्या एका खेड्यातले. पंधराव्या वर्षी डोक्यावर पाटी घेऊन आठवड्याचे बाजार करू लागले. तिशीत एकदा त्यांची वॅगनभर मिरची इंदूरला काळी पडून पोचली आणि सगळं बसलं. पुन्हा पाटीपासून सुरुवात केली. हे सगळं त्यांनी दुसऱ्याच कुणाचं सांगावं तसं हसत हसत सांगितलं. जीवरामरावांनी आपलं काम सांगितलं. तेव्हा मात्र नाना आपल्या बायकोकडे, भागाबाईंकडे वळून म्हणाले, “आयकं का? माले मास्तर करी ऱ्हायनात!”

भागाबाईंनी देठ खुडता खुडता उत्तर दिलं, “करू द्या. घरमा तं तुमनं कोनी आयकत नही, तठे तरी आयकतीन.”

तर असे ते नाना आता टेबलामागे उभे होते. त्यांनी दोन्ही टोपल्यांवरची फडकी काढली. पहिल्या बाकावरचा भटू नावाचा मुलगा लागोपाठ सहा वेळा शिंकला आणि मग सगळा वर्गच शिंकायला लागला. नानांनी शिंका संपायची वाट पाहिली.

“देखा भाऊसहोन, दोन माल शेत. कोनता लेशात?”

एका टोपलीतली मिरची लालचुटूक, तकतकीत. दुसरीतली मळकट. कोणता घेणार म्हटल्यावर सगळ्यांनी पहिलीकडे बोट दाखवलं.

“वरथून नका देखा. हात घाला. कोपरालोंग घाला.”

भटूने तकतकीत मिरचीत कोपरापर्यंत हात खुपसला आणि चटका बसल्यासारखा बाहेर काढला. आत ओल होती, आणि ऊब. तेज यावं नि वजन वाढावं म्हणून तिच्यावर पाणी मारलेलं होतं. अशी मिरची चार दिवसांत काळी पडते, तिला बुरशी येते. नाना म्हणाले, माझी वॅगन गेली ती अशीच. मी वरून पाहिली होती. मग पुढचा अर्धा तास, माणूस खोटा माल दाखवताना त्याचे हात काय करतात, इंदूरचा भाव चढला की दोंडाईच्यात कोण आधी गप्प होतं, हे त्यांनी असं सांगितलं की घंटा झाली तरी कुणी उठेना.

दुसऱ्या तासाला त्यांनी आपला सौद्याचा रिवाज सांगितला. कागद नाही, साक्षीदार नाही. सौदा ठरला की ढिगातली एक मिरची घ्यायची, मोडायची, अर्धी देणाऱ्याच्या जिभेवर, अर्धी घेणाऱ्याच्या. एकदा तोंड भाजलं की भाव दुप्पट होवो की निम्मा, शब्द फिरवायचा नाही. तीस वर्षांत आपण एकदाही फिरवला नाही, असं ते म्हणाले. बढाई मारल्यासारखं नाही, रोज आंघोळ करतो म्हणावं तसं.

मुलं नानांवर खूश होती. प्राध्यापकांच्या खोलीत मात्र वेगळंच चाललं होतं. “चौधरींनी कॉलेजात बाजार भरवला,” एक जण म्हणाले. दुसऱ्यांनी भर घातली, “आता गुळाचा व्यापारी आणा, म्हणजे मुंग्याही नाव घालतील.” सगळे हसले. पुष्पाबाई तिथेच वह्या तपासत होत्या. त्याही हसल्या.

त्या हसण्याचं मूळ जुनं होतं. पुष्पाबाईंचे वडील भुसावळला रेल्वेत होते आणि मुलीला त्यांनी कॉन्व्हेंटात घातलं होतं. तिथे इंग्रजीखेरीज शब्द काढला की गळ्यात लाकडाची पाटी अडकवत. दुसरी कुणी बोलेपर्यंत ती गळ्यातच. सात वर्षांची पुष्पा आजीच्या गावाहून सुट्टी संपवून आली, आणि तिच्या तोंडून आजीची बोली निघून गेली. तो सगळा दिवस पाटी तिच्या गळ्यात होती, कारण बाकीच्या मुली शहाण्या होत्या. पुढच्या सुट्टीत आजी काही विचारू लागली की पुष्पा नुसती मान हलवायची. आजीला वाटलं, पोरीचा घसा बसलाय. तिने तिला हळद-दूध पाजलं.

जानेवारीत प्राचार्यांनी सांगितलं की विद्यापीठाची समिती शाखा पाहायला येणार आहे, आणि नानांच्या तासालाही बसणार आहे. समितीला पटलं तर व्यापाऱ्यांचे तास कायम होणार होते, नाहीतर बंद.

“मी नानांची तयारी करून घेते,” पुष्पाबाई म्हणाल्या.

“कशाला?” जीवरामराव म्हणाले. “ते बोलतात तसं बोलू देत की.”

“समितीपुढे? ‘शे’ आणि ‘व्हतं’ करत? आपल्या शाखेला गावंढळ म्हणतील. आणि नानांना हसतील, ते वेगळंच.”

जीवरामराव थोडा वेळ बोटांनी टेबल वाजवत राहिले. मग म्हणाले, “बघ बुवा. तुला त्यातलं जास्त कळतं.”

सहा रविवार नाना सकाळच्या एस.टी.ने धुळ्याला येत राहिले. पुष्पाबाईंनी त्यांच्यासाठी वीस वाक्यांचं इंग्रजी भाषण लिहिलं आणि ते मराठी अक्षरांत उतरवून दिलं. एरवीचं बोलणंही सुधारायला घेतलं. “माले नाही नाना, मला.” बावन्न वर्षांचे नाना मांडी घालून बसत आणि म्हणत, “मला.” “ऊना नाही, आला.” “आला.” आधी ते पुष्पाबाईंना ताई म्हणायचे, ते आता बाई म्हणू लागले. भाषणाचा कागद घडी घालून टोपीत ठेवत आणि पथारीवर फेऱ्या मारत पाठ करत. जुलूम होता असं म्हणावं, तर तसंही नव्हतं. नानांना ते आवडत होतं. एकदा वाक्य न चुकता आलं तेव्हा ते म्हणाले, “बाई, आज माझा बाप पाहिजे होता.” हे वाक्य पुष्पाबाईंनी त्या दिवशीच्या रोजनिशीत जसंच्या तसं लिहून ठेवलं. त्या अकराव्या वर्षापासून रोजनिशी लिहीत होत्या, आणि दूधवाला दहा मिनिटं उशिरा आला तरी त्याची तीत नोंद असे.

शेवटच्या रविवारी नानांनी विचारलं, “बाई, समजा कोणी मधेच आपल्या बोलीत काही विचारलं, तर?”

“तरी नाही. कुणी काहीही विचारू दे. ह्या कागदावरचं सोडून दुसरं बोलायचं नाही. एक शब्दही नाही.”

“बरं.”

त्यांचं ते ‘बरं’ पुष्पाबाईंना पुरेसं पक्कं वाटलं नाही. त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि नानांनीच संक्रांतीला आणून दिलेल्या पिशवीतली एक मिरची घेऊन आल्या.

नाना एकदम गंभीर झाले. “याची गरज नाही, बाई. तुम्ही सांगितलं, तेवढं पुरे.”

“नाही, पक्कं करू. तुमच्या रिवाजानं.”

त्यांनी मिरची मोडली. अर्धी नानांनी जिभेवर ठेवली, अर्धी त्यांनी. मिरची दोंडाईच्याची होती. पुष्पाबाईंच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं, त्यांनी तांब्याकडे हात नेला, आणि नाना सगळं शिकवलेलं विसरून ओरडले, “बाई, पानी नका पेवा! गूळ खावा, गूळ!” मग दोघंही डोळे पुसत हसत सुटली. नाना पुष्पाबाईंशी आपल्या बोलीत बोलले, ते ते शेवटचं.

समिती आली ती मार्चच्या पहिल्या आठवड्यात. तिघे जण होते. अध्यक्ष किडकिडीत, म्हातारे, काळ्या टोपीतले. नाना नवा कोट घालून आले होते. जोडे पायातच होते, कारण ते काढायचे नाहीत असं बाईंनी बजावलं होतं. टोपल्याही नव्हत्या. समितीच्या लोकांना शिंका आल्या असत्या.

नानांनी वीसच्या वीस वाक्यं म्हटली. एकाही ठिकाणी अडखळले नाहीत. वर्ग खाली मान घालून बसला होता. भटू शाईची दौत उघडत होता आणि मिटत होता. पुष्पाबाई खिडकीजवळच्या खुर्चीवर हजेरीपुस्तक घेऊन बसल्या होत्या आणि ओठांतल्या ओठांत नानांबरोबर प्रत्येक वाक्य म्हणत होत्या.

भाषण संपलं. अध्यक्षांनी इंग्रजीत काहीतरी विचारलं. नानांनी कागदावरचं चौथं वाक्य म्हटलं. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला, आणि त्यांचा चेहरा एकाएकी घरातल्या माणसासारखा झाला.

“नाना, मी बेटावदना शे,” ते म्हणाले. “पावसाळामा मिरची कशी सांभाळतस तुम्ही? आपली बोलीमा सांगा.”

नानांचा चेहरा उजळला. बेटावद म्हणजे त्यांच्या बाजाराच्या वाटेवरचं गाव. आणि पावसाळ्यात मिरची सांभाळणं, यावर ते दोन तास बोलले असते. त्यांचे ओठ हललेही. मग ते थांबले. त्यांनी मान वळवून पुष्पाबाईंकडे पाहिलं.

पुष्पाबाईंना सगळं कळलं. शब्दात बांधलेला माणूस, ज्याने बांधलंय त्याच्याकडे बघत होता. त्यांनी मान हलवली असती, एवढीशी, तरी पुरलं असतं. कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण वर्गात प्राचार्य होते, बाजार भरवल्याची थट्टा करणारे ते दोघे दाराशी उभे होते, आणि कुठूनतरी ती लाकडी पाटी पुन्हा गळ्यात आल्यासारखी मान जड झाली. त्यांनी हजेरीपुस्तकात पाहिलं.

“चिली इज अ कॅश क्रॉप ऑफ अवर डिस्ट्रिक्ट, सर,” नाना म्हणाले.

“नाना, भ्याऊ नका. मी बी आपलाच शे.”

नानांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी सहावं वाक्य म्हटलं. मग सातवं. अध्यक्षांनी हळूच फाईल मिटली.

नंतर प्राचार्यांच्या खोलीत अध्यक्ष म्हणाले, “कुणीतरी पाठ करून घेतलंय. या माणसाला विषय ठाऊक नाही हो. साधा प्रश्न, तोही त्याच्या बोलीत विचारला, तरी त्याला कळला नाही. कुणी केली ही तयारी?”

पुष्पाबाई तिथेच होत्या. हजेरीपुस्तक त्यांच्या मांडीवर होतं. जीवरामरावांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. उत्तर यायला पाहिजे होतं तेवढा वेळ ते थांबले, आणि मग म्हणाले, “मी.”

बाहेर पायरीशी नाना वाट पाहत होते. पुष्पाबाईंना पाहताच ते पुढे आले. त्यांच्या चेहऱ्यावर थकवा होता, पण समाधानही होतं. “बाई, पाळला शब्द,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “फार ओढ लागली होती हो. पण एकही शब्द आपला निघू दिला नाही.”

“छान झालं, नाना,” पुष्पाबाई म्हणाल्या.

त्या दिवशीच्या रोजनिशीत त्यांनी लिहिलं: ‘समिती येऊन गेली. ऊन फार. नाना ऐनवेळी गोंधळले.’

विद्यापीठाचा निर्णय एप्रिलात आला. यापुढे तास घेणारा पदवीधरच पाहिजे. नानांना कळवायचं पत्र जीवरामरावांनी तीन वेळा लिहायला घेतलं आणि तीन वेळा फाडलं. शेवटी ते पुष्पाबाईंनी लिहिलं. त्यांचं अक्षर सुरेख होतं. ‘आपल्या सहकार्याबद्दल शाखा आपली ऋणी आहे.’ नानांचं उत्तर आलं नाही. पण पुढच्या संक्रांतीला मिरचीची पिशवी आली. त्याच्या पुढच्याही संक्रांतीला आली, तेव्हा चौधरी मंडळी जळगावला राहायला गेली होती. कुणाकडून पत्ता मिळवून नानांनी ती रेल्वेने पाठवली होती. दोन्ही पिशव्या पुष्पाबाईंनी शेजारी वाटून टाकल्या. ती मिरची त्यांच्याने फोडणीत टाकवत नव्हती.

जीवरामराव त्या दिवसाबद्दल कधीच काही बोलले नाहीत. एकदा ते रागावले असते तर बरं झालं असतं. जेवताना, वर्तमानपत्र वाचताना, ते अगदी पहिल्यासारखेच असत, आणि पुष्पाबाई मनात म्हणत, आज विचारतील. त्यांनी दोन वर्षांत विचारलं नाही.

मग साठच्या फेब्रुवारीत एक दिवस ते जळगावच्या कॉलेजातून आले आणि कोट खुंटीला लावता लावता म्हणाले, “इथले प्राचार्य व्यापाऱ्यांचे तास सुरू करायचे म्हणताहेत. पदवीची अट नाही, व्याख्यानं म्हणूनच ठेवायची. मला विचारलं, पहिलं कुणाला बोलवावं.”

“मग?”

“मी नानांचं नाव सांगितलं.” ते थोडे थांबले. “बोलवायला तू जा.”

पुष्पाबाई दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने निघाल्या. तापीकाठची ती गाडी प्रत्येक स्टेशनावर दम खात चालते. काय बोलायचं ते त्यांनी अमळनेरपर्यंत तीन वेळा जुळवलं आणि नरडाण्यापर्यंत तीन वेळा मोडलं. दोंडाईच्याला उतरून त्या स्टेशनामागे वळल्या, तर पथारी अजून दिसतही नव्हती, पण नानांचा आवाज आला.

“ए भिकुबाई, तुले देठ खुडाले बसाडेल शे, सासूनं गाऱ्हानं सांगाले नही!”

“नाना, सासूबी तिखीच शे!” एक बाई ठसक्यात म्हणाली. “तिलेबी आठेच वाळाडा!”

बायांचा हशा उठला आणि त्यात सगळ्यांत मोठा नानांचा. पुष्पाबाई भिंतीआड उभ्या राहून ऐकत राहिल्या. वर्गातला पहिला तास हाच होता. हाच आवाज. तो बंद कुणी केला, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या पुढे झाल्या.

नानांनी त्यांना पाहिलं. हसू मावळलं असं नाही, पण ते घडी घालून ठेवल्यासारखं झालं. त्यांनी टोपी सारखी केली.

“नमस्कार, बाई. आपण कधी आलात? प्रवास ठीक झाला ना? साहेबांची प्रकृती कशी आहे?”

एकही शब्द चुकला नव्हता. सगळं त्यांनीच शिकवलेलं.

भागाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, आणि नाना खाट आणायला गेले तसं म्हणाल्या, “तुम्ही शिकाडं तवयपाईन आसंच शे, बाई. शहरना मानूस ऊना का आसंच बोलतस. माले तं वाटस, घरमा कोनी पाव्हनाच येल शे.” त्या हसत म्हणाल्या खऱ्या, पण तांब्या जरा जोरात ठेवला.

खाटेवर बसून पुष्पाबाईंनी जळगावचं सांगितलं. नाना नीट ऐकत होते. बोलून झालं, तरी मुख्य गोष्ट राहिलीच होती. त्यांनी ती एका दमात सांगून टाकली.

“नाना, त्या दिवशी तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी मान हलवायला हवी होती. मला कळलं होतं. कळूनही मी खाली पाहिलं. आणि नंतर अध्यक्षांनी विचारलं तेव्हाही मी गप्प बसले.”

“मला ठाऊक आहे, बाई.”

“केव्हापासून?”

“पत्र आलं तेव्हापासून. ते आपल्या अक्षरात होतं, आणि त्यात त्या दिवसाबद्दल एक शब्दही नव्हता.” त्यांनी खाटेवरची एक मिरची उचलून परत ढिगावर टाकली. “त्या दिवशी मला वाटलं होतं, जमलं आपल्याला. घरी येऊन पेढे वाटले मी. या बायांनाही दिले. मग पत्र आलं.”

पेढ्यांचं पुष्पाबाईंना ठाऊक नव्हतं.

“जळगावला या, नाना. तुमच्या बोलीत शिकवा. जोडे काढा, टोपल्या आणा, पोरांना शिंकू द्या. कुणी काही म्हणणार नाही.”

“आता ते नाही जमायचं.” नानांनी सावकाश सांगितलं. “पूर्वी मी बोलायचो तेव्हा डोळ्यांपुढे मिरची असायची. आता शिकलेलं माणूस समोर आलं की आधी शब्द दिसतो, बरोबर की चूक. मग मिरची. तोवर गिऱ्हाईक उठून जातं. पोरं तरी कशाला थांबतील?”

“नाना, मन्ही चूक व्हयनी,” पुष्पाबाई म्हणाल्या. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून असं काही निघालं होतं. जवळच्या दोन बाया पदर तोंडाला लावून हसल्या. नाना हसले नाहीत.

“राहू द्या, बाई,” ते म्हणाले. “मला मराठी समजतं.”

पुष्पाबाईंनी ढिगात हात घातला. कोपरापर्यंत. आत कोरडं, खणखणीत होतं. एक मिरची काढून त्यांनी मोडली आणि अर्धी आपल्या जिभेवर ठेवली. दुसरी अर्धी पुढे केली.

“यापुढे मी कुणालाच त्याची बोली टाकायला सांगणार नाही. माझ्या विद्यार्थ्यांनाही नाही. हा माझा शब्द. आणि तुम्ही एकदा, फक्त एकदा, जळगावला यायचं.”

नानांनी ती अर्धी मिरची घेतली. तळहातावर ठेवून तिच्याकडे पाहिलं. मग कोटाच्या खिशात टाकली.

“वैद्यांनी तिखट बंद केलंय मला,” ते म्हणाले.

भागाबाई काहीतरी बोलायला गेल्या. नानांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्या गप्प बसल्या. कोपऱ्यात त्यांची न्याहारीची थाळी होती, नानांचीही. दोन्हींत ठेचा लालभडक दिसत होता.

नाना त्यांना स्टेशनापर्यंत पोचवायला आले. डब्यात चढवून दिलं, खिडकीशी उभे राहिले, साहेबांना नमस्कार सांगा म्हणाले. पुढच्या संक्रांतीला पिशवी येईल, असंही म्हणाले. भागाबाईंनी कागदात बांधून गुळाचा खडा दिला होता. तो पुष्पाबाईंनी मुठीत धरला. शिंदखेडं गेलं, नरडाणं गेलं. जिभेची आग ओठांवर आली, कानापर्यंत गेली. समोरच्या बाईने विचारलंही, “काय हो, दाढ दुखते का?” अमळनेरला पाणीवाला खिडकीशी येऊन गेला. त्यांनी पाणी घेतलं नाही. गूळही खाल्ला नाही.

दिवेलागणीला त्या घरी पोचल्या. जीवरामराव व्हरांड्यातच उभे होते. पुष्पाबाईंचा चेहरा पाहून त्यांनी प्रवासाची पिशवी हातातून घेतली.

“नाही म्हणाले,” पुष्पाबाई म्हणाल्या. आणि मग, पिशवी त्यांच्या हातात असतानाच, “त्या दिवशी तुम्ही ‘मी’ म्हणालात. ते मी म्हणायला हवं होतं.”

जीवरामरावांनी पिशवी खाली ठेवली. “हो,” ते म्हणाले.

आत जाऊन पुष्पाबाईंनी कपाटातून अठ्ठावन्न सालची रोजनिशी काढली. मार्चचं पान उघडलं. आपण लिहिलेलं खोडायचं नाही, असा त्यांचा अकराव्या वर्षापासूनचा नेम होता, म्हणून त्यांनी ते खोडलं नाही. खाली जागा थोडीच होती. त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं: ‘नाना गोंधळले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही.’

मग आजची तारीख घातली, आणि शाई वाळेपर्यंत पान उघडं ठेवलं.